पांढऱ्या सापाचे मोल

नागपंचमीच्या दिवशी चिरू नये, तळू नये, जमीन खणू नये, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. पाटावर गंधाने नाग रेखून त्याची पूजा होते आणि पानात पुरणाची दिंडे पडतात. गतवर्षी या दिवशी पूजा आटोपून मंडळी पानावर बसण्याच्या बेतात होती, इतक्यात ह्यूस्टनहून आमच्या पुतण्याच्या चिरंजीवांचा फोन आला. फोनच्या काचेवर चिरंजीवांच्या जोडीने, त्यांच्या बोटांभोवती वेढा घालून बसलेले सापाचे एक पिल्लूही दिसू लागले. अंग काळेभोर आणि त्यावर आडवे पांढरे पट्टे. आमच्या वहिनींनी ते पाहिले मात्र, "अगं बाई, मण्यार!" म्हणून त्यांनी हातातले निरांजन खाली ठेविले.

"आजी, मण्यार नव्हे ही. याला विष नसतं," नातू म्हणाला.

"विष नसेल, पण साप तर आहे ना? आजच्या दिवशी हात जोडायचे, तर तू तो हातात घेऊन बसलास!" वहिनींच्या या बोलण्यास नातवापाशी उत्तर नव्हते.

परंतु त्याचा फोन आम्हांस दर्शन घडविण्यासाठी नव्हता, तक्रारीसाठी होता. चिरंजीव एकोणीस वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी सुटीत काम करून मिळविलेल्या पैशांतून त्यांनी या जातीची एक जोडी विकत घेतली. नर व मादी दोन्ही दिसावयास काळी. परंतु "दोघांच्याही रक्तात पांढरा रंग दडलेला आहे, चारांतले एक पिल्लू पांढरे होईल," असे विक्रेत्याने सांगितले व त्यापोटी दुप्पट किंमत घेतली. यथाकाल आठ अंडी झाली, ती उबली, आणि आठही पिल्ले काळी निघाली.

"धाकटे आजोबा, त्या माणसानं मला फसवलं. त्याला पत्र लिहून ठेवलंय. पाठवू का?"

आम्ही उभा जन्म शाळेत संस्कृत व गणित शिकविण्यात घालविला. सर्पविषयक आमचे ज्ञान आस्तिक ऋषींच्या पलीकडे गेलेले नव्हते. तथापि कोणास लबाड म्हणण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा, एवढे आम्हांस ठाऊक होते. "चार दिवस पत्र राहू दे," असे आम्ही सांगितले. त्या चार दिवसांसाठी म्हणून हाती घेतलेले वाचन पुढे वर्षभर चालले. त्यात जे समजले, आणि त्यापायी आमच्या हातून जी एक चूक होता होता राहिली, ते सारे या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहो.

हा साप अमेरिकेचा. तिकडे त्यास किंगस्नेक म्हणतात. आपण राजसर्प म्हणू. आपल्याकडील नागराज, ज्यास किंग कोब्रा असे नाव आहे, तो निराळा. तो महाविषारी, हा निर्विष. मात्र दोघांस राजपद मिळाले ते एकाच कारणाने : दोघेही इतर सापांस गिळतात. शेपटीचा खुळखुळा वाजविणारा रॅटलस्नेक हा अमेरिकेतील भयंकर विषारी साप. परंतु तोही राजसर्पाच्या भक्ष्यांत मोडतो, कारण त्याचे विष राजसर्पास फारसे बाधत नाही. राजसर्प आपल्या भक्ष्यास वेटोळ्यांनी आवळून मारतो. कॅलिफोर्नियातील राजसर्प साधारणपणे तीन-चार फूट लांब भरतो, पेटीत ठेविल्यास मृत उंदरावर संतोष मानतो, आणि नीट निगा राखिल्यास वीस वर्षेही जगतो. म्हणून तिकडे तो पाळण्याचा प्रघात पडला आहे.

या सापाच्या रंगाने थोर पंडितांसही चकविले आहे. पाठीवरून लांबच लांब एकच पट्टा गेलेल्या सापास ब्लेनव्हिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली एक नाव दिले. आडव्या पट्ट्यांच्या सापास बेअर्ड व जिरार्ड या दोघांनी १८५३ साली दुसरे नाव दिले. पुढे बरीच वर्षे या दोन निराळ्या जाती समजल्या जात. सान दिएगो येथील लॉरेन्स क्लाउबर हे गृहस्थ पेशाने विजेचे इंजिनियर. साप हा त्यांचा छंद, पण असा की त्यात ते मोठमोठ्या प्राध्यापकांस भारी पडत. त्यांनी १९३६ साली व नंतरच्या लेखांतून दाखवून दिले की, एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हांची पिल्ले बाहेर पडतात. सख्खी भावंडे ती; विद्वानांनी मात्र पाठीवरचे पट्टे पाहून त्यांची दोन कुळे करून ठेविली होती!

आता पांढऱ्या रंगाकडे वळू. सापाच्या कातडीत रंगाच्या मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी असतात. एकींत काळे-तपकिरी द्रव्य असते, त्यास मेलॅनिन म्हणतात. दुसरींत पिवळी-तांबडी द्रव्ये असतात. तिसरींत बारीक स्फटिक असून ते प्रकाश परतवितात. ज्या पिल्लास मेलॅनिन घडविता येत नाही, त्याच्या अंगावर काळ्याच्या जागी गुलाबीसर पांढरा रंग येतो, मूळच्या पांढऱ्या पट्ट्यांवर फिकट पिवळी झाक दिसते आणि डोळे लाल होतात. हाच तो वर्णहीन, म्हणजे अल्बिनो साप. याचे मूळ कारण जनुकातील बिघाडात असते. कॉर्नस्नेक नावाचा राजसर्पाच्या नात्यातला एक साप आहे. त्याच्या वर्णहीनतेचे मूळ जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१५ साली शोधून काढले. ओसीए-२ नामक जनुकात एक उपरा तुकडा घुसून बसतो व त्यामुळे ते जनुक निकामी होते, असे त्यांस आढळले.

तेव्हा पांढरा रंग हा काही नवा गुण नव्हे. एका गुणाची ती उणीव आहे. आमच्या न्याय-वैशेषिकांनी अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानिला. विद्यार्थीदशेत तो भाग घोकताना अभावासही बाजारात भाव येतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. रानात असले पिल्लू फार काळ टिकत नाही. पांढरे अंग घारीस दुरून दिसते. पेटीत घार नाही, म्हणून तेथे ते तगते. आणि रानात ते विरळा, म्हणून पेटीत त्यास मोल येते.

रानात सापडलेल्या अशा एखाद्या जिवापासून पांढऱ्यांचा वंश कसा चालवावयाचा, हेही कॉर्नस्नेकवरच प्रथम नीट तपासले गेले. त्वचारोगांचे वैद्य बर्नार्ड बेक्टेल व एलिझाबेथ बेक्टेल यांनी साप घरी वाढवून त्यांच्यातील वर्णहीनता आनुवंशिक कशी, हे १९६२ साली प्रसिद्ध केले. नियम तोच, जो मेंडेल या मठवासी साधूने वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली छापला व ज्याकडे जगाचे लक्ष १९०० साली गेले. प्रत्येक जिवापाशी एकेका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. काळा रंग घडण्यास एक चांगली प्रत पुरते. म्हणून पांढऱ्याचा संबंध रानातल्या काळ्याशी घडविला, तर पिल्ले सारी काळी होतात; परंतु प्रत्येकाच्या ठायी एक बिघडलेली प्रत सुप्त राहते. अशांस वाहक म्हणावे. दोन वाहकांचा संबंध आला म्हणजे दर अंड्यामागे चारांत एक शक्यता पांढऱ्याची असते. हे दोन वाहक बहुधा सख्खी भावंडेच असतात, अथवा मुलीचा संबंध बापाशी घडवितात. सगोत्र टाळणाऱ्या आमच्या मंडळींस हे वाचून कानांवर हात ठेवावेसे वाटेल. परंतु गोत्र हे बापाच्या बाजूचेच तेवढे मोजले जाते, आणि मामेबहीण करण्याची चाल आमच्या देशस्थांत आहेच. तेव्हा फुशारकीस फारशी जागा नाही. जवळच्या रक्तात वरचेवर संबंध आले म्हणजे दडलेला रंग जसा वर येतो, तशी दडलेली व्यंगेही वर येतात, एवढे ध्यानात ठेवावे.

पैदाशीचा प्रकारही ऐकण्यासारखा आहे. हिवाळ्यात दोन-तीन महिने सापांस अन्न न देता गारव्यात ठेवावे लागते, तेव्हा कोठे वसंतात त्यांस एकमेकांची ओढ लागते. ह्यूस्टनला पुरेशी थंडी नाही म्हणून नातवाने त्यांस मद्याच्या बाटल्या ठेवण्याच्या लहानशा शीतकपाटात ठेविले होते. आमच्या घराण्यात शिरलेले असले हे पहिलेच कपाट; त्यात साप निघाले म्हणून वहिनींस हायसे वाटले! नर-मादीस एकत्र आणण्यापूर्वी दोघांस पोटभर चारावे लागते व जवळ बसून राहावे लागते; अन्यथा राजाने राणीस गिळण्याचा संभव असतो. अंडी ओलसर भुशात ठेवून सुमारे २८ अंश उष्णतेवर दोनएक महिने सांभाळावी लागतात. पक्षिणीच्या अंड्यांसारखी ती उलटीपालटी करावयाची नसतात. पिल्ले बाहेर येताच प्रत्येकाची पेटी निराळी, कारण भाऊ भावास खातो. एकत्र कुटुंबाची कल्पना या कुळास बिलकुल मान्य नाही.

आता नातवाचा हिशेब. "चारांतले एक पांढरे" याचा अर्थ आठांतून दोन निघालेच पाहिजेत असा त्याने घेतला. आमच्या वर्गातही निम्मी मुले असेच म्हणत. परंतु अंड्यांस एकमेकांची वार्ता नसते. प्रत्येक अंडे आपापले नशीब घेऊन येते. एक अंडे काळे निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांश. आठही काळी निघण्याची शक्यता काढावयाची तर तीन-चतुर्थांश आठ वेळा गुणावे. उत्तर येते ६५,५३६ त ६,५६१, म्हणजे दहांत सुमारे एक. दहा प्रामाणिक विक्रेत्यांकडून दहा गिऱ्हाइकांनी जोड्या नेल्या व प्रत्येकास आठ अंडी लाभली, तरी त्यांपैकी एखाद्याच्या वाट्यास सारी काळी पिल्ले येणे हे रीतीस धरूनच झाले. एवढ्या पुराव्यावर त्या माणसास लबाड म्हणता येत नाही. नातवाने गणित स्वतः करून पाहिले व पत्र पाठविले नाही.

येथे गणित संपते आणि सचोटीचा प्रश्न सुरू होतो. वाहकांच्या पोटी झालेल्या काळ्या पिल्लांत तीनांपैकी दोन वाहक असतात व एक निर्लेप असते. डोळ्यांस मात्र तिन्ही सारखीच. बाजारात अशा पिल्लास "६६ टक्के शक्य वाहक" म्हणून विकतात. पारख करावयाची तर त्याचा संबंध पांढऱ्याशी घडवून पाहावा. ते वाहक असल्यास अर्धी पिल्ले पांढरी होतात. आठ अंडी होऊन एकही पांढरे न निघण्याची शक्यता २५६ त केवळ एक उरते. परंतु पिल्लू वयात येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. टाकलेल्या कातेवरून जनुक तपासण्याची सोय अलीकडे झाली आहे खरी, पण ती काही सापांच्या काही रंगांपुरतीच. सोने कसोटीवर घासता येते. येथे बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावरच भरवसा ठेवावा लागतो.

सर्पकुळाची कथाच मुळी रंगावरील पैजेने सुरू होते, हे महाभारताच्या वाचकांस स्मरत असेल. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून कद्रू व विनता या सवतींनी पैज लाविली. हरणारीने दासी व्हावयाचे होते. शेपटी पांढरी, परंतु कद्रूने आपल्या सर्पपुत्रांस काळे केस होऊन तीस चिकटण्यास सांगितले, आणि जे ऐकेनात त्यांस शाप दिला की, जनमेजयाच्या सत्रात तुम्ही जळाल. रंगाविषयी एक लबाडी झाली आणि तिचे मोल पुढच्यांनी भरले. राजसर्पाची हकीकत वाचताना ही कथा आमच्या मनातून जाईना.

कारण पत्राचा प्रश्न मिटला तरी आठ काळी पिल्ले उरलीच होती. या छंदाचे खरे कोडे पांढऱ्यात नसून काळ्यांत आहे. एक दडलेला रंग हवा असेल तर चारांतली तीन पिल्ले नको असलेली होतात. दोन निरनिराळे दडलेले रंग एकाच पिल्लात उतरावे अशी हौस असेल, तर शक्यता सोळांत एक. आठ अंड्यांत एकही तसे न निघण्याचा संभव दहांत सहा. एका हव्याशा पिल्लामागे सरासरीने पंधरा नकोशी! ती पंधराही अंड्यातून सारख्याच जिद्दीने बाहेर येतात, त्यांसही भूक लागते, आणि त्यांचेही आयुष्य वीस वर्षांचे असते.

कोजागरीच्या सुमारास नातवाचा पुन्हा फोन आला. आठ पेट्या, आठ तोंडे. मित्र पांढरे मागतात, काळे कोणी घेत नाही. "मागच्या ओढ्याकाठी सोडून देऊ का? इकडच्या रानात राजसर्प असतातच."

येथे आमची चूक झाली. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "सोड बाबा. मुके जीव मोकळे होतील, पुण्य लागेल." पिंजऱ्याचे दार उघडणे म्हणजे भूतदया, ही समजूत इतकी अंगवळणी पडलेली की तीत शंकेस जागाच नव्हती. सुदैवाने त्या आठवड्यात तिकडे पावसाची झड लागली व सोडणे लांबणीवर पडले. त्याच आठवड्यात ग्रॅन कॅनेरियाची हकीकत आमच्या वाचनात आली.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरात, स्पेनच्या ताब्यात कॅनरी नावाची बेटे आहेत. या बेटांवर मुळात एकही साप नव्हता. त्यांपैकी ग्रॅन कॅनेरिया बेटावर १९९८ साली कॅलिफोर्नियाचा राजसर्प प्रथम आढळला. सागर ओलांडून तो आपण होऊन तेथे गेला नव्हता. कोणाच्या तरी पेटीतून निसटलेला अथवा सोडून दिलेला होता. मोकळ्या रानात वर्णहीन पांढरे साप आढळू लागले, यावरूनच ते पाळीव पैदाशीचे वंशज हे उघड झाले. तेथे त्यांस शत्रू थोडे व भक्ष्य अपार. तेथील मूळच्या पालीसरड्यांनी साप हा शत्रू जन्मात पाहिलेला नव्हता. हे साप बहुतांश काळ जमिनीखाली वावरतात, त्यामुळे शोधून काढणे दुरापास्त. २०११ पासून युरोपीय संघाच्या पैशाने त्यांस पकडण्याची मोहीम झाली, परंतु निर्मूलन काही साधले नाही.

परिणाम काय झाला? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, जेथे साप पसरले तेथे ग्रॅन कॅनेरियाचा थोर सरडा नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, तेथील सापसुरळी ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली आणि पाल निम्म्याहून अधिक घटली. हा थोर सरडा पाऊण मीटरपर्यंत वाढतो. तो झाडांची फळे खातो व त्यांच्या बिया रानभर नेऊन टाकतो. सरडा गेला म्हणजे त्या झाडांचा वाटाड्या गेला. शेवटी २०२२ साली युरोपीय संघाने राजसर्पास उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत घातले, आणि त्या यादीच्या नियमांनी तेथे त्याची पैदास व विक्री यांस बंदी आली. काही थोड्यांनी पेटी उघडी टाकिली; मोल सरड्यांनी भरले, आणि नीट निगा राखणाऱ्या बाकीच्या छांदिष्टांनीही भरले.

आम्ही त्याच रात्री ह्यूस्टनला फोन केला व आपला सल्ला परत घेतला. शिष्यासमोर चूक कबूल करणे जड जाते. नातवासमोर त्याहून जड. त्याने विचारले, "पण इथे तर राजसर्प आहेतच ना?" आहेत, परंतु ते निराळ्या जातीचे; कॅलिफोर्नियाचे नव्हेत. आणि जात एकच असती तरी पेटीत वाढलेला साप पेटीतले रोग रानात नेतो. ओढ्याकाठी सोडणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्याच्या दारात ठेवून येणे होय.

रंगाच्या हौसेचा आणखी एक धडा बॉल पायथन या आफ्रिकी अजगराने दिला आहे. त्याच्या "स्पायडर" नावाच्या एका नक्षीदार प्रकारास पुष्कळ मागणी होती. परंतु ती नक्षी ज्यांच्या अंगावर असते त्यांचे डोके डुलत राहते, तोल जातो. २०२२ साली अशा सापांच्या आतल्या कानाची रचनाच सदोष असल्याचे दिसून आले. नक्षी आणि व्यंग एकाच मुळातून येतात. एक ठेवून दुसरे काढता येत नाही. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ पासून आपल्या मेळ्यांत या प्रकाराची विक्री बंद केली, हे योग्यच झाले. राजसर्पाची वर्णहीनता तितकी क्रूर नाही. डोळ्यांस प्रखर उजेड सोसत नाही एवढे सांभाळावे लागते. तथापि रंग पाहण्यापूर्वी त्यासोबत काय येते हे पाहावे, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. तरुणपणी आम्ही धाकट्या बंधूंसाठी मुलगी पाहावयास गेलो होतो; वहिनी सोबत होत्या. मुलगी सुशील, संस्कृतात हुशार, घराणे चांगले. परतताना आम्हीच म्हणालो, "सारे ठीक आहे, पण रंग सावळा आहे." ते स्थळ आम्ही सोडले. वहिनी स्वतः सावळ्या. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. गेल्या कार्तिकात आम्ही नातवास फोनवर समजावीत होतो की, काळ्या पिल्लात काय दडले आहे हे वरून दिसत नाही, आणि पांढरेपणा हा काही गुण नव्हे. वहिनी शेजारी गहू निवडीत होत्या. फोन संपल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, बरीच वर्षं लागली हो तुम्हाला हे गणित सुटायला."

आम्ही निरुत्तर झालो. माणसे साप नव्हेत. परंतु पाहणारा डोळा तोच असतो, हे कबूल केलेच पाहिजे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर इत्यादी साप पकडून बाळगण्यास मनाई आहे, आणि ती कोणी मोडू नये. परंतु परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांस हा छंद लागला असेल, तर त्यांस नुसते रागावण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावे असे आम्हांस वाटते. अंडी उबविण्यापूर्वी, नकोशा रंगाच्या पिल्लांस घर कोठे, याचे उत्तर तयार आहे काय? आणि जे डोळ्यांस दिसत नाही त्याविषयी घेणाऱ्यास खरे तेच सांगणार काय? दोन्ही उत्तरे "होय" असतील तर त्याने खुशाल राजसर्प पाळावा.

आमच्या नातवाने गतवर्षीच्या आठांपैकी दोन स्वतःकडे ठेविली. एक एका शाळेतील जीवशास्त्राच्या शिक्षिकेने नेले, तीन मित्रांकडे गेली, आणि दोन एका दुकानदाराने नेली. त्यास नातवाने लिहून दिले की, ही वाहक असतील असा माझा तर्क आहे, पुरावा नाही. त्यामुळे त्यांची किंमत फार थोडी आली. तेवढ्यात उंदरांचाही खर्च निघाला नाही, असे तो हसत सांगत होता.

यंदा सात अंडी आहेत. ती सध्या ह्यूस्टनच्या पेटीत २८ अंशांवर असून नागपंचमीच्या आगेमागे उबतील. सातही पिल्लांस, रंग कोणताही निघो, घरे अगोदरच ठरली आहेत. कालच्या फोनवर वहिनींनी नातवास बजावले, "पांढरं निघालं तर सगळ्या जगाला दाखव हो. पण काळं निघालं, तर ते आधी मला दाखव."